पुस्तकातला वाघ

त्या संध्याकाळी मी ड्युरियन विकत घेतला नसता, तर भर विहारात, थोरल्या भिक्षूंच्या समोर, एका सरकारी पर्यवेक्षिकाबाईंच्या पोटावर बालवाडीतल्या मुलांनी हात ठेवले नसते. एका फळापासून एका पोटापर्यंत गोष्ट कशी गेली, ते मी क्रमाने सांगतो. आमच्या लांपांग शहरात ती सध्या पाच-सहा प्रकारांनी सांगितली जाते आणि त्यातल्या एकाही प्रकारात मी शहाणा ठरत नाही. (माझ्याही प्रकारात ठरत नाही. पण निदान क्रम तरी बरोबर आहे.)

ड्युरियन म्हणजे फणसाचा तापट चुलतभाऊ. बाजारातून येताना विक्रेतीने हाक मारली, "घेऊन जा, आज उतरलाय भाव." मी घेतला. माझ्या बायकोला तो फार आवडतो, आणि त्या आठवड्यात तिला खूश करावं असं मला मनापासून वाटत होतं.

"पी, एवढा मोठा कशाला आणलात?" ती म्हणाली. ('पी' म्हणजे थोरला भाऊ. आमच्याकडे बायको नवऱ्याला अशीच हाक मारते, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही.)

"स्वस्त होता."

"आणि मंगुस्तान?" सासूबाईंनी विचारलं. ड्युरियन उष्ण, मंगुस्तान थंड. एक आणलं की दुसरं आणायचं, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"विसरलो."

"विसरला नाहीस. तुला सुचलंच नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वाघोबा."

बायको, म्हणजे फाय, पोटभर खाऊन झोपली. सासूबाईंनी तिच्या दुप्पट खाल्ला आणि वर आठळ्या भाजायला ठेवल्या. सकाळी फायने मला हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. मला वाटलं, रागावली आहे. दुपारपर्यंत मी माफी मागत होतो. कशाबद्दल ते माहीत नव्हतं, पण शोधत बसलं की काहीतरी सापडतंच. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अरे, घसा बसलाय तिचा! दवाखान्यात ने."

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली आणि सांगितलं, "आठवडाभर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

फाय डॉक्टरांकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली. कारण त्या आठवड्यातच तिचं पुस्तक होतं.

आता पुस्तकाबद्दल सांगायचं तर आधी नावांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे माणसाला दोन नावं असतात, एक कागदावरचं आणि एक घरचं. मी नगरपालिकेत जन्मनोंदणीच्या खिडकीत बसतो, त्यामुळे कागदावरच्या नावांत माझा हात धरणारं कुणी नाही. आईबाप ज्योतिषाकडून असं काही भारदस्त नाव आणतात की ते रकान्यात मावत नाही. मी ते समासात वळवून बसवतो. मग तेच आईबाप त्या पोराला घरी नेतात आणि जन्मभर कोळंबी म्हणतात. बेडूक, बदक, माऊ, मुंगी, डुक्कर, काहीही. लाडही होतो, आणि भुताखेतांना पोर फार मोलाचं वाटत नाही. (ही नावं मी इथे अर्थानेच सांगतोय, म्हणजे तुमचा गोंधळ नको. माझा झाला तो पुढे येईलच.) माझं घरचं नाव वाघ. वडिलांनी फार आशेने ठेवलं होतं. फाय म्हणजे कापूस, पण बायकोला कापूस म्हणत गोष्ट सांगणं मला जमणार नाही, तेव्हा तिचं तेवढं तसंच ठेवतो.

फाय विहाराच्या आवारातल्या बालवाडीत शिकवते. तिथली पोरं भांडतात, रडतात, एकमेकांच्या केसांत चिकट भात लावतात. त्यांना "भानावर या" म्हणून काही उपयोग नसतो. सांगून कुणी भानावर येत नाही. (मला लग्नापासून सांगतायत.) म्हणून तिने चित्रांचं पुस्तक काढायला घेतलं. एक बेडूक आहे, तो डोळे मोठे करून नुसता बघतो. एक बदक आहे, ते प्रत्येक पाऊल ओळखीचं असल्यासारखं टाकतं. मांजर अंग ताणतं. डुक्कर चिखलात पडून आपलं पोट वर-खाली होताना पाहतं. मुलांनी चित्र बघायचं आणि तो प्राणी व्हायचं. योगही होतो, श्वासही होतो, आणि 'योग' हा शब्द ऐकून पोरं पळतही नाहीत. शेवटी एक रेडा आहे. वादळ येतं, सगळे सैरावैरा पळतात, रेडा जागचा हलत नाही. पुस्तकाचं नाव 'गार मनाचा रेडा'.

"रेडा कशाला?" सासूबाईंनी तेव्हाच विचारलं होतं. "शिवी आहे ती."

"म्हणूनच," फाय म्हणाली होती. "त्या बिचाऱ्याबद्दल कुणी कधी चांगलं बोलतच नाही."

तीन पावसाळे ती आमच्या जेवणाच्या टेबलावर हे पुस्तक रंगवत होती. आम्ही जमिनीवर जेवत होतो. मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच की त्यात वाघ नव्हता. एकदा मी सहज (म्हणजे बरेच दिवस विचार करून) विचारलं, "प्राण्यांच्या पुस्तकात वाघ नाही?"

"आहे की."

"कुठे?"

"नीट बघा."

मी नीट बघितलं. प्रत्येक पानावर, बांबूंच्या मागे, गवताच्या आत, पट्टे दिसतात का म्हणून भिंगाने बघितलं. मुलांच्या पुस्तकात असं काहीतरी लपवून ठेवायची पद्धत असते, हे मला ठाऊक होतं. बायकोने नवऱ्याला इतक्या कौशल्याने लपवलं, याचा मला अभिमानच वाटला.

आता हे पुस्तक जिल्ह्यातल्या सगळ्या बालवाड्यांना द्यायचं की नाही, ते ठरणार होतं. दुसऱ्या बाजूला एका कंपनीचा टीव्हीसारखा पडदा होता. त्यावर एक पांडा नाचत नाचत "श्वास घ्या" म्हणतो. वरच्या साहेबांचा कल पांड्याकडे होता. पर्यवेक्षिका विलायवानबाई स्वतः येऊन पुस्तकाचं वाचन ऐकणार आणि त्याच दिवशी निकाल देणार. पुस्तक पसंत पडलं तर छापणार. नाही पडलं तर तीन पावसाळे आमच्या पलंगाखाली जाणार. फाय याबद्दल फार बोलत नव्हती, पण तिने त्या दिवशीचा स्कर्ट आठवडाभर आधीच इस्त्री करून टांगला होता. येता-जाता ती त्याच्यावरून हात फिरवायची.

बालवाडीतल्या दुसऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर. पर्यवेक्षिकाबाई दिवस बदलायला तयार नाहीत. फाय टेबलापाशी बसून पानं नुसती चाळत होती. मला ते बघवेना.

"मी वाचतो," मी म्हणालो.

सासूबाई हिरव्या मिरचीचा ठेचा कुटत होत्या. बत्ता थांबला. "तू?"

"अहो माय, नावं वाचण्यात आयुष्य गेलं माझं."

"ही नावं नाहीत. गोष्ट आहे. आणि आसनंही करून दाखवायची असतात."

"मग करीन की."

त्या रात्री जेवणं झाल्यावर तालीम ठेवली. पहिल्या पानावर बेडूक. मी वाचलं, "बेडूक उकिडवा बसतो," आणि बसलो. बसणं सोपं होतं.

"छान. बेडूक झालास," सासूबाई म्हणाल्या. "आता माणूस हो."

"होता येत नाहीये."

"उठ ना!"

"माय, गुडघा ऐकत नाहीये."

दोघींनी मिळून मला उभं केलं. आसनं मुलंच करतील, मी फक्त वाचीन, असं तिथल्या तिथे ठरलं. वाचनाबद्दल मात्र मला शंका नव्हती. मी पुस्तक डोळ्यांसमोर धरलं (जाड भिंगांचा चष्मा आहे, पुस्तक जवळ लागतं) आणि खिडकीत नाव पुकारतो तसं खणखणीत वाचलं.

फायने टाळी वाजवून मला थांबवलं. पुस्तकातल्या बेडकाकडे बोट दाखवलं. मग हात कमरेच्याही खाली नेऊन लहान मुलाची उंची दाखवली. मग पुन्हा बेडूक, पुन्हा उंची, आणि मग तर्जनी जोरजोरात हलवली.

"समजलं," मी म्हणालो. "बेडूक लहान आहे. आवाज बारीक काढायचा."

तिने मान हलवली. पाटी ओढली आणि लिहिलं, 'प्राण्यांची नावं सांभाळून घ्या.'

"म्हणजे स्पष्ट! अगं, ते काय सांगायला हवं?" आणि मी दाखवलंही, "बे-डूक. ब-दक. डु-क्कर."

फायने कपाळाला हात लावला. ड्युरियनने डोकंही चढतं, हे मी ऐकून होतो. मी तिला शेवंतीचा काढा करून दिला आणि निजायला सांगितलं.

कार्यक्रमाच्या दिवशी विहाराच्या दालनात आईबाप, आज्या, शेजारीपाजारी असे सगळे जमले. एका बाजूला लुआंग फो, म्हणजे आमच्या विहाराचे थोरले भिक्षू, आसनावर बसलेले. समोर चटयांवर मुलं. मी खांबाआड उभा राहून बेडकाचं पान घोकत होतो. तेवढ्यात विलायवानबाई आल्या. कडक खाकी गणवेश, खांद्यावर पट्ट्या, अंगाने भरभक्कम. त्यांच्या मागून शिपाई पांड्याचा पडदा घेऊन आला.

"ये गं डुकरू, बस," लुआंग फो म्हणाले.

बाईंचे कान लाल झाले. "आता सगळे मला विलायवान म्हणतात, लुआंग फो."

"हो हो. इथेच आंबे पाडायचीस, आठवतं का? बस, डुकरू."

मुलं माना उंचावून डुकरूकडे बघायला लागली. एवढी मोठी, तीही गणवेशातली डुकरू त्यांनी कधी पाहिली नव्हती. हे सगळं माझ्या कानावर पडलं. आत मात्र गेलं नाही. आत बेडूक होता.

मग माझं नाव पुकारलं आणि मी समोर जाऊन उभा राहिलो. पुस्तक उघडून डोळ्यांसमोर धरलं. पुस्तक चांगलं रुंद होतं, त्याच्याआड मला कुणी दिसत नव्हतं, त्यामुळे भीतीही वाटत नव्हती.

"बेडूक!" मी पुकारलं.

कुणीतरी म्हणालं, "हजर."

पोरं हुशार आहेत, मला वाटलं. "बेडूक उकिडवा बसतो. बेडूक डोळे मोठे करून बघतो. बेडूक एक लांब उडी मारतो." धप्पकन आवाज आला आणि टाळ्या पडल्या. पहिल्याच पानाला टाळ्या! मला हुरूप आला.

"बदक! बदक उठतं. बदक कुणाकडे बघत नाही. एक एक पाऊल टाकत बदक तळ्याकडे चालू लागतं."

छोटी पावलं माझ्या शेजारून गेली आणि दाराकडे लांब लांब होत गेली. विहाराच्या मागे कमळांचं तळं आहे. मागून एका बाईचा आवाज आला, "बदक! अरे बदक, थांब! कुठे निघालास?"

प्रेक्षकसुद्धा गोष्टीत रंगले होते. "बदक थांबत नाही," मी वाचलं. ती बाई पळत गेल्याचं ऐकू आलं.

कुणीतरी माझा शर्ट मागून ओढत होतं. फाय असणार. बिचारीचा जीव टांगणीला लागला होता. मी एका हाताने तिच्या हातावर थोपटलं. घाबरू नकोस, छान चाललंय.

"माऊ! माऊ पाठीवर पडते. माऊ पाय लांब करते."

"पाय!" सासूबाई ओरडल्या. "अरे, पाय! लुआंग फोंकडे पाय!"

"पाय," मी पुन्हा वाचलं, "आणखी लांब करते." लुआंग फो स्वतःच उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसले आणि म्हणाले, "राहू दे, राहू दे, तेवढाच मलाही व्यायाम," हे मला नंतर कळलं.

शर्ट आता इतका ओढला जात होता की एक बटण तुटलं. मी पान उलटलं.

"डुक्कर!"

दालनात एकदम सन्नाटा पसरला. मी जरा थांबलो. असा थांबा घेतला की परिणाम वाढतो.

"डुक्कर स्वस्थ बसलं आहे. किती मोठं, किती छान डुक्कर! चला, हळूच त्याच्याजवळ जाऊ या."

चटया सरकल्या. बरीच पावलं एकदम निघाली आणि थांबली.

"त्याच्या पोटावर हात ठेवू या. श्वास आत, डुकराचं पोट वर. श्वास बाहेर, डुकराचं पोट खाली."

यानंतर जी शांतता पसरली, तशी मी कधी अनुभवली नव्हती. माझ्या खिडकीसमोर बाप भांडतात, बाळं किंचाळतात, आज्या रांग मोडतात. इथे मात्र छतावरच्या पारव्यांची घुमघुम ऐकू येत होती. फायला हेच हवं होतं, आणि मी ते घडवलं होतं. मला राहवेना. मी पुन्हा म्हणालो, "श्वास आत. पोट वर." आणि ती शांतता मनात साठवत उभा राहिलो. शर्ट ओढणंही बंद झालं होतं.

"अरे, बाहेर म्हण की!" सासूबाई कळवळल्या. "तिने श्वास धरून ठेवलाय! सोड गं डुकरू, निळी पडशील!"

मी पुस्तक खाली घेतलं.

बेडूक, मुंगी, कोळंबी, माऊ, होती नव्हती ती सगळी पोरं विलायवानबाईंच्या खुर्चीभोवती गोळा झाली होती. ज्यांचे हात खाकी गणवेशापर्यंत पोचले होते त्यांनी ते पोटावर ठेवले होते. ज्यांचे पोचले नव्हते त्यांनी पुढच्याच्या पाठीवर ठेवले होते. बदकाला काखेत घेऊन त्याची आई दारात उभी होती. फाय माझ्या मागे, हातात माझं बटण घेऊन. बाईंचे डोळे मिटलेले होते. त्यांनी सावकाश श्वास सोडला आणि तो सोडताना सगळे हात एकदम खाली आले.

त्यांनी डोळे उघडले. "मला डुक्कर कोण म्हणालं?"

"पुस्तक म्हणालं," कोळंबी म्हणाली.

"बाई," मी घाईने पुढे झालो, "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. ते तुम्हाला नव्हतं. ते दुसऱ्या डुकराला होतं."

एवढ्या लोकांत इतकी चुकीची वाक्यं एका दमात बोलणारा माणूस मी पुन्हा पाहिलेला नाही. मी पुस्तक वळवून चित्र त्यांना दाखवलं. ते चित्र मुलंही तेव्हाच पहिल्यांदा बघत होती. "अय्या, डुक्कर!" मुंगी म्हणाली. "बेडूकपण आहे! तू नाहीयेस रे, हिरवा बेडूक आहे!" आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी चित्रांचं पुस्तक स्वतःला वाचून दाखवत होतो. पोरांना नुसती नावं ऐकू येत होती, आणि नाव घेतलं की जायचं, हे त्यांना आईने शिकवलेलं होतं. फाय पोरांना कुठलंही पुस्तक वाचून दाखवते तेव्हा चित्र त्यांच्याकडे धरते आणि बेडकाला कधीच बेडूक म्हणत नाही, हिरवोबा म्हणते. पाटीवर तिने तेच लिहिलं होतं.

मी फायकडे बघितलं. तिने इस्त्रीचा स्कर्ट दोन्ही मुठींत चुरगळून धरला होता. त्या क्षणी मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. माझं हसं झालं याचं काही नाही, ती माझी सवयच आहे. पण तीन पावसाळे तिचे होते.

"एकच पान राहिलंय का?" बाईंनी विचारलं.

"हो. रेडा."

"वाचा. आता पुस्तक पोरांकडे धरा."

मी धरलं, आणि मान वाकडी करून वाचलं, "वादळ आलं. बेडूक पळाला, बदक पळालं, माऊ पळाली, डुक्कर... तेही गेलं. रेडा मात्र जागचा हलला नाही." पोरांनी चित्राकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा चित्राकडे. मागे आईबापांतही खसखस पिकली. सासूबाईंनी तोंडावर हात धरला. मला वाटलं, कौतुक आहे.

लुआंग फोंनीही चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते म्हणाले, "वादळात दोन प्रकारचे जीव हलत नाहीत. एकाला सगळं कळलेलं असतं. दुसऱ्याला काहीच कळलेलं नसतं. लांबून दोघे सारखेच दिसतात." एवढं बोलून ते माझ्याकडे बघून फार प्रेमाने हसले. मी हात जोडले.

विलायवानबाई उठल्या. गणवेश ओढून सारखा केला. पांड्याच्या पडद्याकडे एकदा बघितलं.

"तो पांडा मी साहेबांच्या खोलीत पाहिला," त्या म्हणाल्या. "तो श्वास घ्या म्हणतो. आम्ही सगळे चहा घेत होतो, ते तसेच घेत राहिलो." मग थोड्या खालच्या आवाजात, "आज मी श्वास घेतला. इतक्या वर्षांत घेतला नव्हता. त्यांचे हात गरम होते हो."

फायने मान खाली घातली. तिच्या खांद्यांवरून मला कळलं की ती रडते आहे, आणि आवाज नसल्यामुळे ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. मी तिच्या हातातून माझं बटण काढून घेतलं. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

"पुस्तक छापू या," बाई म्हणाल्या. "दोन सूचना आहेत. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहा, वाचणाऱ्याने चित्र मुलांकडे धरावं."

"आणि दुसरी?" मी विचारलं.

"डुकराचं पोट थोडं आत घ्या."

दारापर्यंत गेल्यावर त्या मागे वळल्या आणि रेड्याच्या पानाकडे बोट दाखवून फायला म्हणाल्या, "याला मात्र हात लावू नका. हुबेहूब आहे." मी म्हणालो, "हो ना, फार रेडे बघितलेत तिने." फायने मला कोपराने ढोसलं.

पुढच्या आठवड्यात फायचा आवाज परत आला. आधी घोगरा, मग नेहमीचा. पहिल्या दिवशी तिने सकाळपासून शेजारणीशी, भाजीवालीशी, दोन मैत्रिणींशी फोनवर असं आठवड्याचं सगळं बोलून घेतलं. संध्याकाळी छापखान्यातून पहिली प्रत आली. आम्ही टेबलावर बसून जेवलो. मग मी प्रत पुढ्यात ओढली आणि म्हणालो, "आता तरी सांग. यात वाघ कुठे आहे?"

"अजून नाही दिसला?"

"नाही."

तिने शेवटचं पान उघडलं. वादळ, उडणारी पानं, पळणारं बदक, आणि मधोमध रेडा. मी पट्टे शोधायला बांबूंकडे बघायला लागलो, तर तिने माझी हनुवटी धरून नजर रेड्यावर आणली. रेड्याच्या उजव्या कानामागे गवताची एक काडी खोचलेली होती. माझ्या उजव्या कानामागे पेन असतं. खिडकीत बसायला लागल्यापासून असतं. मी हात लावून बघितलं. होतं.

बसण्याची पद्धत माझी होती. एक खांदा उतरलेला, तोही माझाच. पोरांनी तिथल्या तिथे ओळखलं होतं. सबंध विहाराने ओळखलं होतं. मी ते पान इतके दिवस डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून घोकत होतो.

"मला आवडतो तो," फाय म्हणाली. "घरात काहीही होवो, पाणी शिरो, छप्पर उडो, तुम्ही आपले तिथेच. तुमच्याकडे बघितलं की मला शांत वाटतं. पुस्तक तिथूनच सुचलं."

मला भरून आलं. एवढं चांगलं माझ्याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं. रेडा तर रेडा. शिवाय लुआंग फो म्हणालेच होते. तेवढ्यात ते नेमकं काय म्हणाले होते, ते मला पूर्ण आठवलं.

"फाय," मी विचारलं, "मग हा रेडा पहिल्या प्रकारचा, की दुसऱ्या?"

सकाळपासून अखंड बोलणाऱ्या माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं, गळ्याकडे बोट दाखवलं, आणि बोलता येत नाही म्हणून मान हलवली.

"दुसऱ्या!" आतून सासूबाई म्हणाल्या. त्यांचा घसा उत्तम आहे.